रक्तातले कॅल्शियम चढते तेव्हा

कॅल्शियम म्हटले की बहुतेक घरांत कमतरतेचीच चर्चा होते. गुडघे दुखू लागले, पाठ धरली, चाळिशी उलटली की कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतात. त्यांच्या जोडीला आठवड्यातून एकदा दुधात घालून घ्यायची 'ड' जीवनसत्त्वाची पुडी असते. त्यामुळे रक्ताच्या अहवालात कॅल्शियमचा आकडा वरच्या मर्यादेपलीकडे गेलेला दिसला, तरी अनेकांना त्यात काळजीचे काही वाटत नाही. 'कॅल्शियम भरपूर आहे, म्हणजे हाडे मजबूत असणार,' असा सरळ हिशेब मांडला जातो.

प्रत्यक्षात परिस्थिती बहुतेक वेळा याच्या उलट असते. रक्तात वाढलेले कॅल्शियम अनेकदा हाडांतूनच उपसलेले असते. हाडे आतून पोकळ होत जातात, मूत्रपिंडांत खडे साचतात आणि आकडा फार चढला तर माणूस गुंगीत जाऊन त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. दवाखान्याबाहेर आढळणाऱ्या अशा रुग्णांत सर्वांत जास्त वेळा दोष असतो तो गळ्यातल्या पॅराथायरॉइड नावाच्या इवल्याशा ग्रंथींचा. हा आजार ओळखता आला, तर तो बहुतेकांत कायमचा बरा करता येतो. अडचण ओळखण्याची आहे.

मसुराएवढ्या ग्रंथींचा कारभार

गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिच्या पाठीमागे, बहुतेक माणसांत चार, पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात. मराठीत त्यांना परावटू ग्रंथी म्हणतात. प्रत्येकीचा आकार मसुराच्या दाण्याएवढा आणि वजन साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम. नावात थायरॉइड असले तरी थायरॉइडच्या कामाशी त्यांचा काही संबंध नाही. रक्तातले कॅल्शियम योग्य पातळीवर ठेवणे, हे त्यांचे मुख्य काम.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत असते. उरलेल्या एक टक्क्यातला अगदी छोटा भाग रक्तात फिरत असतो, पण हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, रक्त गोठणे ही सगळी कामे त्याच्यावर अवलंबून असतात. म्हणून शरीर रक्तातल्या कॅल्शियमची पातळी फार अरुंद पट्ट्यात राखते. बहुतेक प्रयोगशाळांत ती साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते.

ही पातळी थोडी जरी उतरली, तरी पॅराथायरॉइडच्या पेशींना ते काही क्षणांत कळते. या पेशींच्या पृष्ठभागावर कॅल्शियम ओळखणारे संवेदक असतात. इशारा मिळताच ग्रंथी पॅराथायरॉइड हॉर्मोन, म्हणजे 'पीटीएच' सोडतात. हे संप्रेरक तीन ठिकाणी काम करते. हाडांतून कॅल्शियम सोडवून रक्तात आणते, मूत्रपिंडांना लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवायला लावते आणि मूत्रपिंडांतच 'ड' जीवनसत्त्व क्रियाशील करून आतड्यांतून अधिक कॅल्शियम शोषले जाईल अशी व्यवस्था करते. पातळी पूर्ववत झाली की ग्रंथी शांत होतात.

आजारात या ग्रंथी शांत होत नाहीत. सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांत चारपैकी एका ग्रंथीत गाठ तयार झालेली असते. ही गाठ कर्करोगाची नसते. पण कॅल्शियम पुरेसे असले तरी ती पीटीएच सोडत राहते. काही रुग्णांत एकाहून अधिक ग्रंथी वाढलेल्या असतात. पॅराथायरॉइडचा कर्करोग फार क्वचित, म्हणजे शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत आढळतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार अधिक दिसतो.

गेंड्यापासून जहाजाच्या कप्तानापर्यंत

या ग्रंथी माणसाच्या आधी सापडल्या त्या एका भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एकशिंगी गेंडा १८४९मध्ये मेला. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याचे विच्छेदन केले, तेव्हा थायरॉइडला चिकटलेला एक छोटा पिवळसर गोळा त्यांना दिसला आणि त्यांनी त्याची नोंद केली. माणसातल्या या ग्रंथींचे सविस्तर वर्णन स्वीडनमधल्या उप्साला येथील इव्हार सँडस्ट्रॉम या तरुणाने १८८०मध्ये प्रसिद्ध केले. त्या करतात काय, हे मात्र तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

पुढे हाडे झिजलेल्या काही रुग्णांच्या शवविच्छेदनात मोठ्या झालेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी दिसू लागल्या. तेव्हाच्या अनेक वैद्यांची समजूत अशी होती, की हाडे आजारी पडल्यामुळे त्यांच्या मदतीला या ग्रंथी वाढतात. व्हिएन्नातले शल्यचिकित्सक फेलिक्स मँडल यांच्याकडे हाडे ठिसूळ झालेला एक ट्राम कर्मचारी आला, तेव्हा त्यांनीही आधी त्याला ग्रंथीचा अर्क दिला, दुसऱ्याच्या ग्रंथीचे रोपणही करून पाहिले. उपयोग झाला नाही. शेवटी १९२५मध्ये त्यांनी त्याचा गळा उघडून वाढलेली ग्रंथी काढली आणि रुग्ण सुधारू लागला. काही वर्षांनी त्याचा आजार उलटला, पण कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती, हे या शस्त्रक्रियेने दाखवून दिले. ग्रंथी हाडांच्या मदतीला धावत नव्हती, हाडे तीच पोखरत होती.

अमेरिकेतल्या चार्ल्स मार्टेल या जहाजाच्या कप्तानाची गोष्ट वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही सांगितली जाते. या आजाराने त्याची उंची सात इंचांनी घटली होती. गळ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, पण गाठ सापडेना. सातव्या शस्त्रक्रियेत, १९३२मध्ये, ती छातीच्या पोकळीत सापडली. त्यानंतर काही आठवड्यांतच मुतखड्याच्या त्रासातून उद्भवलेल्या गुंतागुंतीत त्याचा मृत्यू झाला. पॅराथायरॉइड ग्रंथी नेहमीच्या जागी असेलच असे नाही, हा धडा त्या कप्तानामुळे मिळाला.

त्याच काळात बॉस्टनमध्ये फुलर अल्ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, की हाडे मोडण्याच्या कितीतरी आधी हा आजार मुतखड्याच्या रूपाने येऊ शकतो. मुतखड्याच्या रुग्णांचे कॅल्शियम तपासायला सुरुवात होताच दुर्मीळ वाटणारे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. १९७०च्या दशकात पाश्चात्त्य देशांत स्वयंचलित यंत्रांवर रक्ताच्या अनेक तपासण्या एकदम होऊ लागल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. काहीही त्रास नसलेल्या अनेक लोकांत कॅल्शियम वाढलेले होते. त्यामुळे तिकडे हा आजार आता बहुधा रक्ताच्या अहवालात, लक्षणांच्या आधीच सापडतो.

भारतात निदान उशिरा

भारतात चित्र वेगळे आहे. इथल्या रुग्णालयांतून प्रसिद्ध झालेल्या अनुभवांत रुग्णांचे सरासरी वय चाळिशीच्या आसपास, म्हणजे पाश्चात्त्य रुग्णांपेक्षा बरेच कमी दिसते. त्यातले बरेच जण हाडांचे दुखणे, अस्थिभंग, मुतखडे किंवा स्वादुपिंडाला सूज अशा गंभीर तक्रारी घेऊन येतात. कॅल्शियमची तपासणी नेहमीच्या यादीत नसणे हे त्याचे एक कारण. 'ड' जीवनसत्त्वाची व्यापक कमतरता हे दुसरे. या कमतरतेमुळे रक्तातले कॅल्शियम काही काळ फारसे वाढलेले दिसत नाही आणि हाडांचे नुकसान मात्र अधिक होते.

लक्षणे विखुरलेली असणे, ही या आजाराची खरी अडचण आहे. खूप तहान लागते, वारंवार लघवीला होते, म्हणून साखर तपासली जाते आणि ती नेमकी निघते. बद्धकोष्ठता, मळमळ, पोटदुखी यांसाठी आम्लपित्ताच्या गोळ्या मिळतात. थकवा, उदासपणा, विसरभोळेपणा यांचा दोष वयावर, घरातल्या ताणावर किंवा रजोनिवृत्तीवर ढकलला जातो. मुतखडा झाला तर तो काढला जातो, पुन्हा झाला तर पुन्हा काढला जातो. दरम्यान टोमॅटो, पालक बंद होतात आणि कुळथाचे कढण, पानफुटीची पाने सुरू होतात. मांडीचे हाड किरकोळ पडण्याने मोडले तर त्यात सळई बसवली जाते. प्रत्येक तक्रारीसाठी वेगळा डॉक्टर असतो आणि प्रत्येकाने आपापल्या जागी योग्य उपचार केलेले असतात. पण या सगळ्यांना जोडणारी कॅल्शियमची एक साधी तपासणी राहून गेलेली असते.

तरुण वयातल्या रुग्णांमुळे आणखी एक प्रश्न येतो, तो गरोदरपणाचा. आईच्या रक्तातले जास्त कॅल्शियम वारेतून बाळाकडे जाते आणि बाळाच्या स्वतःच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दबून राहतात. जन्मानंतर हा पुरवठा तुटला की बाळाचे कॅल्शियम एकदम उतरून त्याला झटके येऊ शकतात. कधी कधी तान्ह्या बाळाच्या झटक्यांचा शोध घेतानाच आईचा आजार उघड होतो.

पाण्याचे दुष्टचक्र

कॅल्शियम १२ मिलिग्रॅमपर्यंत असेल तर वाढ सौम्य, १२ ते १४ असेल तर मध्यम आणि १४च्या पुढे गेले तर तीव्र समजली जाते. अर्थात आकड्याइतकाच वाढीचा वेगही महत्त्वाचा. वर्षानुवर्षे १२वर असलेला माणूस हिंडता-फिरता असू शकतो. काही दिवसांत १३वर पोहोचलेला माणूस बरळू लागतो.

वाढ धोक्याच्या पातळीला कशी जाते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण उपचारांचा क्रम त्यावरच ठरतो. जास्त कॅल्शियममुळे मूत्रपिंडांची लघवीतले पाणी राखून ठेवण्याची क्षमता कमी होते. भरपूर लघवी होते आणि शरीर कोरडे पडते. त्यात मळमळ आणि उलट्यांमुळे पाणी पोटात टिकत नाही. शरीरातले पाणी घटले की मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त कमी होते आणि लघवीवाटे कॅल्शियम बाहेर टाकणेही मंदावते. त्यामुळे कॅल्शियम आणखी चढते, लघवी आणखी होते. या चक्रात अडकलेल्या रुग्णाचे कॅल्शियम थोड्या दिवसांत १४, १६ किंवा त्याहून वर जाऊ शकते. वरवर ठीक दिसणाऱ्या रुग्णाला या चक्रात ढकलायला जुलाब-उलट्या, कडक उन्हाळ्यातले निर्जलीकरण, अस्थिभंगानंतर अंथरुणाला खिळणे किंवा रक्तदाबासाठी दिली जाणारी थायाझाइड गटातली गोळी पुरेशी ठरते.

अशा वेळी रुग्ण सुस्त होतो, असंबद्ध बोलतो, त्याला ग्लानी येते. हृदयाच्या आलेखात बदल दिसतात आणि ठोके अनियमित होऊ शकतात. मूत्रपिंडे काम थांबवू शकतात. ही घरी पाणी पाजून निभावण्याची वेळ नाही. अतिदक्षता विभागाची सोय असलेल्या रुग्णालयातच हे उपचार व्हायला हवेत.

तासांचे, दिवसांचे आणि आठवड्यांचे उपाय

पहिला उपाय साधा आहे, सलाइन. शिरेतून मिठाचे पाणी, सुरुवातीला साधारण ताशी २०० ते ३०० मिलिलिटर या वेगाने देऊन ताशी १०० ते १५० मिलिलिटर लघवी व्हावी, असा प्रयत्न असतो. दुष्टचक्र तुटते ते इथे. शरीरातले पाणी भरून निघाले की मूत्रपिंडे कॅल्शियम बाहेर टाकू लागतात. हृदय किंवा मूत्रपिंडे कमजोर असलेल्या आणि वयस्कर रुग्णांत मात्र हेच सलाइन फुप्फुसांत पाणी साचवू शकते. म्हणून वेग प्रत्येकासाठी वेगळा ठरवावा लागतो. पूर्वी सलाइनबरोबर लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड सर्रास दिले जाई. आता ते शरीरात पाणी जास्त झाले तरच देतात, कारण कोरड्या पडलेल्या रुग्णाला ते आणखी कोरडे करते.

सलाइन हाडांतून होणारी गळती थांबवत नाही. त्यासाठी दोन औषधे एकाच वेळी सुरू केली जातात, कारण एक लवकर काम करते पण टिकत नाही, आणि दुसरे उशिरा काम करते पण टिकते. पहिले कॅल्सिटोनिन. सामन माशातल्या संप्रेरकाच्या नमुन्यावर ते तयार केले जाते. त्वचेखाली किंवा स्नायूत दिलेल्या इंजेक्शनचा परिणाम चार ते सहा तासांत दिसू लागतो आणि कॅल्शियम एक-दोन मिलिग्रॅमने उतरते. पण साधारण ४८ तासांनंतर शरीर त्याला दाद देईनासे होते. दुसरे झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड किंवा पामिड्रोनेट. ही औषधे हाडे झिजवणाऱ्या पेशींना रोखतात. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार दिवस लागतात, पण तो काही आठवडे राहतो. म्हणजे पहिले काही तास सलाइनवर, पहिले दोन दिवस कॅल्सिटोनिनवर आणि पुढचा काळ झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडवर, असा हा टप्प्याटप्प्याचा बंदोबस्त असतो.

मूत्रपिंडे बिघडलेली असतील तर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड धोक्याचे ठरते. अशा रुग्णांत डेनोसुमॅब हे इंजेक्शन विचारात घेतले जाते. त्यानंतर, विशेषतः 'ड' जीवनसत्त्व कमी असेल तर, कॅल्शियम गरजेपेक्षा खाली घसरू शकते, म्हणून लक्ष ठेवावे लागते. सिनाकॅल्सेट नावाची गोळी ग्रंथीच्या संवेदकावर काम करते. कॅल्शियम आहे त्यापेक्षा जास्त आहे असे ग्रंथीला भासते आणि ती पीटीएच कमी सोडते. या सगळ्याला दाद न देणाऱ्या किंवा लघवी पूर्ण थांबलेल्या रुग्णाला डायलिसिस करावे लागते.

या उपायांनी आकडा खाली आला की घरच्यांना हायसे वाटते आणि 'आता घरी जाऊ' असे मनात येते. पण मूळ गाठ गळ्यात तशीच असते. औषधांचा परिणाम ओसरला की कॅल्शियम पुन्हा चढणार. पॅराथायरॉइडमुळे अशी आणीबाणी ओढवलेल्या रुग्णाची प्रकृती स्थिर झाल्यावर शस्त्रक्रिया शक्यतो त्याच मुक्कामात, काही दिवसांत उरकण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

आधी खात्री, मग गाठीचा शोध

एकदा कॅल्शियम वाढलेले दिसले म्हणजे लगेच आजार झाला, असे नाही. रक्त घेताना दंडाला पट्टी फार वेळ घट्ट बांधली, तरी आकडा थोडा वाढतो. म्हणून तपासणी पुन्हा करतात. रक्तातले जवळपास निम्मे कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेले असते. अल्ब्युमिन कमी असेल तर अहवालातला आकडा फसवा असतो. ढोबळ नियम असा, की अल्ब्युमिन ४ ग्रॅमपेक्षा जितके कमी, त्याच्या ०.८ पट कॅल्शियममध्ये मिळवायचे. समजा अहवालात कॅल्शियम १०.४ आहे आणि अल्ब्युमिन २.५. वरवर सगळे ठीक. पण दीड ग्रॅमच्या तुटीचे १.२ मिळवले की खरा आकडा ११.६ होतो.

त्यानंतरची निर्णायक तपासणी पीटीएचची. कॅल्शियम जास्त असताना निरोगी ग्रंथींनी पीटीएच जवळजवळ बंद केलेले असते. अशा वेळी पीटीएच वाढलेले असेल तर दोष पॅराथायरॉइडचा. ते 'नॉर्मल' मर्यादेत असले तरीही संशय कायम राहतो, कारण ते दबलेले असायला हवे होते. अहवालावर लाल अक्षर किंवा बाण नाही म्हणून ही गोष्ट बरेचदा नजरेतून सुटते. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे काही यंत्रांवर पीटीएच खोटेच कमी दिसू शकते. तपासणीआधी अशा गोळ्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी.

पीटीएच खरोखर दबलेले असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. कर्करोग, क्षयरोग किंवा सार्कॉइडोसिससारखे आजार आणि 'ड' जीवनसत्त्वाचा अतिरेक ही त्यातली मुख्य. महिनोन्‌महिने रोज घेतलेल्या पुड्या किंवा थोड्या थोड्या दिवसांनी घेतलेली सहा लाख युनिटची इंजेक्शने यांनी कॅल्शियम जीवघेण्या पातळीला गेलेले रुग्ण भारतात आढळतात. त्यांचे उपचार वेगळे असतात, त्यात स्टेरॉइड उपयोगी पडते आणि गळ्याच्या शस्त्रक्रियेचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक चकवा आहे. काही कुटुंबांत संवेदकाच्या जन्मजात बदलामुळे कॅल्शियम थोडे वाढलेले असते, पण त्याचा सहसा त्रास होत नाही. अशांच्या लघवीत कॅल्शियम फार कमी असते. म्हणून शस्त्रक्रियेआधी २४ तासांची लघवी जमवून तपासतात. रुग्ण फार तरुण असेल किंवा घरात आणखी कोणाला असा त्रास असेल, तर आनुवंशिक आजारांचाही विचार करावा लागतो.

निदान पक्के झाले की मगच गाठ कुठे आहे हे पाहण्यासाठी गळ्याची सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन करतात. गरज पडली तर खास पद्धतीचा सीटी स्कॅन. हा क्रम उलटा होऊ नये. स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही म्हणजे आजार नाही, असे ठरत नाही. मार्टेलच्या प्रकरणातही आजाराचे निदान झालेले होते. सापडत नव्हती ती जागा.

शस्त्रक्रिया आणि नंतरचे दिवस

एकच ग्रंथी दोषी असेल तर गळ्यावर छोटा छेद घेऊन ती काढता येते. पीटीएच रक्तात जेमतेम काही मिनिटे टिकते. याचा फायदा घेऊन अनेक ठिकाणी शस्त्रक्रिया चालू असतानाच रक्त तपासतात. गाठ काढल्यावर दहा मिनिटांत पीटीएच निम्म्याहून खाली आले, तर योग्य गाठ निघाली असे समजतात. अनुभवी शल्यचिकित्सकाच्या हाती १००पैकी ९५हून अधिक रुग्ण बरे होतात. आवाजाची नस जवळून जात असल्याने तिला इजा होण्याचा थोडा धोका असतो. म्हणून या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या डॉक्टरांची निवड महत्त्वाची.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस जागरूक राहण्याचे असतात. वर्षानुवर्षे लुटली गेलेली हाडे पीटीएचचा अंमल संपताच रक्तातले कॅल्शियम अधाशासारखे ओढून घेतात. डॉक्टर याला 'भुकेली हाडे' म्हणतात. दोन ते चार दिवसांत कॅल्शियम खूप उतरू शकते. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येणे, हातापायांत पेटके येणे ही त्याची पहिली खूण. ज्यांची हाडे फार झिजली आहेत, 'ड' जीवनसत्त्व कमी आहे, त्यांना हा त्रास अधिक होतो. कालपर्यंत ज्याला कॅल्शियम वर्ज्य होते, त्यालाच आता दिवसातून तीन-चार वेळा कॅल्शियमच्या गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल द्यावे लागते, हे पाहून घरचे गोंधळतात. पण या गोळ्या मनाने बंद करणे धोक्याचे असते. पुढच्या महिन्यांत हाडांची घनता वाढू लागते आणि नव्या मुतखड्यांचा धोका कमी होतो.

सगळ्यांनाच शस्त्रक्रिया?

त्रास नसलेल्या सगळ्यांना लगेच शस्त्रक्रियेची गरज नसते. वय ५०पेक्षा कमी असेल, कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा एक मिलिग्रॅमहून अधिक वाढलेले असेल, मूत्रपिंडांची क्षमता ६०च्या खाली असेल, लघवीतून फार कॅल्शियम जात असेल, सोनोग्राफीत खडे दिसत असतील किंवा हाडांची घनता उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, मणक्याचे हाड दबलेले असेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो. डेक्सा तपासणी करताना मणका आणि खुबा यांच्याबरोबर मनगटाजवळचे हाडही तपासून घ्यावे. या आजारात तिथली घट अनेकदा आधी दिसते.

वय किंवा इतर आजारांमुळे शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर औषधांचा आधार घेता येतो. सिनाकॅल्सेट कॅल्शियम उतरवते, पण हाडांची घनता वाढवत नाही. अ‍ॅलेंड्रोनेटसारखी औषधे हाडे सुधारतात, पण कॅल्शियम फारसे उतरवत नाहीत. त्यामुळे दरवर्षी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन, तर एक-दोन वर्षांनी डेक्सा तपासणी चालू ठेवावी लागते.

आहाराबाबतचा गैरसमजही दूर करायला हवा. कॅल्शियम वाढले म्हणून दूध, दही, नाचणी, तीळ बंद करून हा आजार आटोक्यात येत नाही. आहारातले कॅल्शियम फार कमी केले तर पीटीएच आणखी वाढते आणि हाडांवरचा ताणही. नेहमीच्या प्रमाणात हे पदार्थ खायला हरकत नसते. बंद करायचे ते मनाने चालवलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, 'ड' जीवनसत्त्वाच्या पुड्या आणि 'रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा' यांसारखे फिरत आलेले सल्ले. 'ड' जीवनसत्त्व कमी असेल तर तेही भरून काढावे लागते, पण बेताने आणि तपासण्या करत. पाणी भरपूर प्यावे, उपास-तापास आणि उन्हाळ्यात विशेष जपावे, चालते-फिरते राहावे. उलट्या-जुलाब सुरू झाले, पाणी टिकेना किंवा घरातल्यांना बोलण्यात फरक जाणवला, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मुतखडा दुसऱ्यांदा झाला आहे, किरकोळ पडण्याने हाड मोडले आहे, दारू न पिणाऱ्याच्या स्वादुपिंडाला सूज आली आहे किंवा साखर नेमकी असूनही तहान आणि लघवी वाढली आहे, अशा प्रत्येकाने डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: 'माझे कॅल्शियम आणि अल्ब्युमिन तपासले आहे का?' आकडा वाढलेला निघाला, तर पुढचा प्रश्न पीटीएचचा. ही कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत रक्ताच्या एका नमुन्यावर होणारी तपासणी आहे. ती वेळेवर झाली, तर पुढचा मुतखडा, पुढचा अस्थिभंग आणि अतिदक्षता विभागातले ते दिवस टळू शकतात.